पहिला फेरा

वाफेच्या इंजिनात वाफ सोडली की ते उभ्या जागेवरून डबे ओढायला लागतं. विजेच्या मोटरला प्रवाह दिला की तीही शून्यापासून फिरते, आणि तिचा जोर तर त्या पहिल्याच क्षणी सगळ्यात जास्त असतो. पेट्रोलच्या इंजिनाला हे जमत नाही. पिस्टन खाली आला तरच हवा आणि पेट्रोल आत येणार, वर गेला तरच ते दाबलं जाणार, मग ठिणगी पडणार आणि तेव्हा कुठे जोर मिळणार. पिस्टनच्या चार हालचालींतली एकच कमाईची, बाकी तीन खर्चाच्या. शिवाय खर्च आधी आणि कमाई नंतर. थांबलेल्या इंजिनाकडे हा आधीचा खर्च भागवायला काहीच नसतं. त्याचे पहिले काही फेरे दुसऱ्या कुणीतरी फिरवून द्यावे लागतात.

गाड्यांमधलं मला काय आवडतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. वेगात किंवा मॉडेलच्या नव्या रंगात माझा जीव रमत नाही. पण सकाळी किल्ली फिरवल्यावर जे एक-दोन सेकंद जातात, त्यात बॅटरीतलं रसायन, तांब्याच्या जाड तारा, लोखंडी दाते, पेट्रोलची वाफ आणि ठिणगी हे सगळे ठरल्या क्रमाने एकमेकांच्या हाती काम देत जातात. रोज हे इतक्या सहज होतं की कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडी सुरू व्हायला नकार देते त्या दिवशी मात्र हा क्रम एकेक करून उलगडून पाहावा लागतो, आणि मला तो दिवस मनापासून आवडतो. ऑफिसला उशीर होत असला तरीही.

हे वेड मला साताऱ्यात लागलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री होते. गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचे. सेल्फ म्हणजे इंजिनाचे पहिले फेरे फिरवून देणारी विजेची मोटर, शिवाय डायनॅमो, हॉर्न, लाइट. सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणायचे. कुणी धावत येऊन "मामा, गाडी सुरू होत नाही" म्हणालं की हातातला पाना खाली न ठेवता ते एवढंच विचारायचे, "फिरतंय का?"

समोरचा माणूस गोंधळायचा. गाडी सुरूच होत नाही तर काय फिरणार? पण मामांना इंजिन फिरतंय का ते हवं असायचं, कारण "सुरू होत नाही" या एका तक्रारीत दोन वेगळी दुखणी असतात. किल्ली फिरवूनही इंजिन जागचं हलत नसेल, तर दोष बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेवर असतो. पेट्रोल, प्लग, फिल्टर यांचा तिथे काही संबंध नाही. उलट इंजिन घरघर फिरतंय, पण उचलत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ आपलं काम करताहेत. मग इंधन आणि ठिणगी बघायची. एवढ्याशा प्रश्नात मामांनी अर्धी गाडी बाजूला काढलेली असायची. आजही मी पाहते, बॅटरी मेलेली असताना माणसं पेट्रोल टाकून बघतात, आणि टाकी कोरडी असताना बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारत राहतात. हा प्रश्न आधी विचारला तर यातलं काहीच होणार नाही.

पूर्वी पहिले फेरे माणसाच्या हातानेच फिरवले जात. अँबॅसिडर आणि जीप यांच्या पुढच्या बंपरखालून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवणारे ड्रायव्हर मी लहानपणी पाहिलेत. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, त्याला वेढा घालायचा नाही. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देतं आणि वेढा घातलेला अंगठा किंवा मनगट जायबंदी होतं. ही अडचण चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने सोडवली. त्याआधी तो दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रांवर काम करत होता आणि हाताने फिरवायच्या त्या गल्ल्याला त्याने विजेची मोटर बसवली होती. तेव्हा त्याला कळलं होतं की जी मोटर क्षणभरच चालायची आहे तिच्यातून तिच्या आकाराला न शोभणारा जोर काढता येतो, कारण ती तापायच्या आत तिचं काम संपतं. हीच युक्ती त्याने मोटारीला लावली आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्या विजेच्या सेल्फसह बाजारात आल्या.

शंभराहून जास्त वर्षं झाली, सेल्फ अजूनही त्याच तत्त्वावर चालतो. म्हणूनच पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ सलग सेल्फ मारू नये. थांबावं, अर्धा मिनिट जाऊ द्यावं आणि मग पुन्हा मारावा. त्या अर्ध्या मिनिटात सेल्फ निवतो आणि बॅटरीही थोडी सावरते. घाईत माणूस नेमकं उलटं करतो.

मामा दुसरी गोष्ट कानाने करायचे. किल्ली फिरवल्यावर "कटकटकटकट" असा भराभर आवाज आला तर बॅटरीत दम नाही. सेल्फवरच्या सोलेनॉइडला, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचला, ओढण्याइतकी वीज आहे, पण मोटरला वीज जोडली गेली की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढला जातो. एकच "टक" येऊन सगळं शांत झालं तर सेल्फचे ब्रश, त्याचे काँटॅक्ट किंवा जाड तारांचे जोड बघायचे. काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डचे दिवे लख्ख, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही. इग्निशन स्विच, रिले, नव्या गाड्यांत क्लचखालचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअरचा दांडा पार्कवर नीट बसला आहे का ते पाहायचं. आणि इंजिन फिरतंय, पण नेहमीपेक्षा भलतंच हलकं आणि वेगात, जणू आत काही अडथळाच नाही, तर मामा लगेच किल्ली बंद करायला लावायचे. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा फिरवलं तर काही इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात.

कानाच्या मदतीला डोळे. हेडलाइट लावायचे आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगून समोर उभं राहायचं. दिवे विझत आले तर बॅटरी कमजोर किंवा सेल्फ जाम. दिवे जराही मंदावले नाहीत तर सेल्फकडे वीज जातच नाही. या तपासणीला एक पैसा लागत नाही.

"पण ताई, लाइट तर चांगले लागताहेत, मग बॅटरी कशी उतरलेली असेल?" हे मला इतक्यांदा विचारलं जातं की त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. दोन हेडलाइटचे बल्ब मिळून साधारण दहा अँपिअर घेतात. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन हलवायच्या क्षणी शंभर-दीडशे, कधी त्याहून जास्त अँपिअर मागतो. दहा देऊ शकणारी बॅटरी दीडशे देऊ शकेलच असं नाही. उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावला तर पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२च्या खाली म्हणजे उतरलेलीच. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरीला चार्जिंग हवं आहे किंवा तिचं आयुष्य संपलं आहे. इंजिन चालू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.४च्या दरम्यान चढायला हवा. नाही चढला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, बॅटरी भरत नाही, आणि नवी बॅटरी घातली तरी चार दिवसांनी तीही उतरणार.

यातल्या मोठ्या अँपिअरचा आणखी एक परिणाम आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. एखाद्या जोडात गंजामुळे ०.०२ ओहम एवढाच अडथळा आला असं समजा. हेडलाइटच्या दहा अँपिअरला तो ०.२ व्होल्ट खातो. कळतसुद्धा नाही. सेल्फच्या दीडशे अँपिअरला तोच अडथळा ३ व्होल्ट खातो, म्हणजे बारातले नऊच पोचले. नजरेला न दिसणारा गंज गाडी जागेवर बसवू शकतो, तो असा.

पुण्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या जुन्या हॅचबॅकचं हेच झालं होतं. किल्ली फिरवली की एक "टक" आणि पुढे काही नाही. बॅटरीच्या दुकानदाराने नवी बॅटरी बसवून दिली. थोडे दिवस गाडी कशीबशी उचलली आणि मग पुन्हा तेच. गॅरेजवाल्याने सेल्फ खोलला, ब्रश बदलले. फरक नाही. काकू म्हणाल्या, आता गाडीच काढून टाकू. मला ते ऐकून वाईट वाटलं, कारण तोवर त्या गाडीला कुणी तिचं दुखणं विचारलंच नव्हतं. जो तो आपल्याकडे विकायला होतं ते बदलत गेला.

मी मल्टिमीटर घेऊन गेले. बॅटरी १२.६. काकांना किल्ली फिरवायला सांगितली तर आकडा बाराच्या खाली आलाच नाही. म्हणजे बॅटरी द्यायला तयार होती, तिच्याकडून कुणी पुरेसं घेतच नव्हतं. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. ही दोन्ही टोकं खरं तर एकच असायला हवीत, दोन्ही अर्थिंगच. सेल्फ मारताना त्यांच्यात व्होल्टचा दोन-तीन दशांश फरक दिसला तर चालतो. इथे काटा आठच्या वर गेला. बारातले आठ व्होल्ट त्या परतीच्या वाटेवरच संपत होते.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी लागते. अर्थिंगची पट्टी म्हणतात तिला. सेल्फला गेलेली सगळी वीज त्या पट्टीतूनच परत येते. दिव्यांची अर्थिंग थेट बॉडीला असते, म्हणून ते लख्ख होते. पट्टीचा बोल्ट खोलला तर खाली हिरवा-पांढरा खवला साचलेला. काकांना तेव्हा आठवलं की काही दिवसांपूर्वी सेल्फ मारताना क्लचच्या केबलपाशी जळका वास आला होता. तो वासही त्याच गोष्टीतला. पट्टीने वाट अडवल्यावर वीज दुसऱ्या मिळेल त्या धातूतून परतायला बघत होती, आणि क्लचची केबल इंजिन आणि बॉडी या दोघांना टेकलेली. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासल्या, नवी पट्टी लावली, वरून ग्रीस फासलं. गाडी पहिल्या किल्लीला उचलली. काकू खाली येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून गेल्या. ती गाडी अजून सोसायटीत आहे.

फिरतंय पण उचलत नाही, या दुसऱ्या दुखण्याचा माझा पहिला गुरू म्हणजे बाबांची प्रीमियर पद्मिनी. कार्ब्युरेटरची गाडी, म्हणजे हवा आणि पेट्रोल कॉम्प्युटरशिवाय मिसळणारी. तिला हवामान लागायचं. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही म्हणून चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यायचं. साताऱ्याच्या डिसेंबरात चोक किती ओढायचा आणि किती वेळात आत ढकलायचा हे बाबांच्या हाताला ठाऊक होतं. जास्त वेळ ओढलेला राहिला तर प्लग पेट्रोलने भिजायचे, वास सुटायचा, गाडी फ्लड व्हायची. मग चोक पूर्ण आत, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा, म्हणजे भरपूर हवा जाऊन आतलं पेट्रोल वाळतं. गंमत वाटेल, पण ही युक्ती कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल फवारणाऱ्या, इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांतही चालते. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला दिसला की त्यांचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडणं थांबवतो.

उन्हाळ्यात उलटा त्रास. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला. खंडाळ्याचा घाट चढताना तो एवढा तापायचा की त्यातल्या पेट्रोलचीच वाफ व्हायची, आणि तो पंप द्रव ढकलायला बनवलेला, वाफ त्याला ढकलता येत नाही. गाडी बंद. शिंग्रोबाच्या देवळापाशी, जिथे घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराला लोक नाणं वाहतात, तिथे आम्ही थांबायचो. आई पाण्याची बाटली द्यायची, बाबा फडकं ओलं करून पंपावर ठेवायचे. पंप निवला की वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं आणि गाडी चालू. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर उतरली तेव्हा मला ते ओलं फडकंच आठवलं.

आताच्या गाड्यांत पंप टाकीत असतो, पेट्रोलमध्येच बुडालेला. किल्ली ऑन केल्यावर, सेल्फ मारण्याआधी, मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक "हूंऽऽ" ऐकू येतं. तो पंप लाइनमध्ये दाब भरत असतो. रेडिओ आणि एसी बंद करून हा आवाज रोज ऐकायची सवय लावून घ्यावी, म्हणजे ज्या दिवशी तो येणार नाही त्या दिवशी कळेल. आधी फ्यूज, मग रिले, मग पंप. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असेल तर किल्लीतली चिप गाडीने ओळखलेली नाही. दुसरी किल्ली वापरून पाहावी.

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर मेकॅनिक लोकांचा आता फार भरवसा आहे. मला त्याचं कौतुक आहे, पण तो जे सांगतो ते नीट ऐकायला हवं. इंजिनाचे फेरे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या क्रँकच्या सेन्सरचा सिग्नल येत नाही, असं स्कॅनर सांगतो. सेन्सर खराब आहे असं तो म्हणत नाही. वायर उंदराने कुरतडली असेल, कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल, किंवा सेन्सर तापल्यावर दगा देऊन थंड झाल्यावर शहाण्यासारखा वागत असेल. पावसाळ्यात उंदीर उबेसाठी बॉनेटखाली येतात. मामा तिथे तंबाखूची पानं पुरचुंडीत बांधून ठेवायला सांगायचे, पुण्यातही बरेच जण ठेवतात. मी आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघते, त्याचा मला जास्त भरवसा वाटतो.

एका परिस्थितीत मात्र गाडी सुरू करायचा प्रयत्नच करू नये. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या रस्त्यांवर असंख्य गाड्या पाण्यात बंद पडल्या. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारण्याचा मोह फार होतो. पण हवा ओढायच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तुटून इंजिनचा ब्लॉक फोडतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. गाडी ढकलून कोरड्यावर आणावी, एअर फिल्टर उघडून पाहावा. तो भिजलेला असेल तर किल्लीला हात लावू नये, टो करून न्यावी. प्लग काढून, त्या भोकांतून पाणी बाहेर पडेल अशी वाट करूनच मेकॅनिक ते इंजिन फिरवतो. दर पावसाळ्यात मी हे ओळखीच्या सगळ्यांना सांगते, आणि कंटाळा आला तरी ऐकून घ्या म्हणते.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते हे २०२०च्या लॉकडाउनमध्ये सगळ्यांना एकदमच कळलं. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडी वीज पीत असतात. ५० मिलिअँपिअर धरली तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सातशे तासांत, म्हणजे महिन्याभरात रिकामी. सेल्फला नको म्हणायला त्याच्या बरंच आधी लागते. गाडी जागेवरच पाच मिनिटं चालू ठेवून उपयोग नाही, सेल्फने घेतलेलंही त्यात नीट भरून निघत नाही. अर्धा तास रस्त्यावर फिरवावी, नाहीतर लांब गावी जाताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी. काढताना आधी निगेटिव्ह आणि लावताना ती शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना तांबडी केबल आधी दोन्ही पॉझिटिव्हना, मग काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूला. शेवटच्या जोडाला ठिणगी पडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. धक्का मारून सुरू करायची मॅन्युअल गाडी असेल तर किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडायचा. तिथे चाकं सेल्फचं काम करतात.

आता मामांच्या मुलाकडे इलेक्ट्रिक गाड्याही येतात. त्यांना पहिल्या फेऱ्याची अडचण नाही, मोटर शून्यापासून फिरते. तरी त्या सुरू न होण्याच्या तक्रारी असतातच. दोघं-तिघं त्याला सांगत आले, "दादा, मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली आहे, पण गाडी जागी होत नाही." त्याने मीटर घेतला आणि आधी छोटी बॅटरी शोधली. या गाड्यांतही बारा व्होल्टची एक साधी बॅटरी असते. दारांची कुलपं, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारे काँटॅक्टर तिच्यावरच चालतात. ती उतरली तर मोठ्या बॅटरीतली वीज असून नसल्यासारखी. छोटीला बाहेरून बारा व्होल्ट दिले की गाडी जागी होते आणि पुढे मोठी बॅटरी छोटीला भरते. ती छोटी बॅटरी कुठे असते हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं आणि काहींत बॉनेटही विजेनेच उघडतं, म्हणून गाडी घेतल्या आठवड्यातच मॅन्युअलमधलं ते पान काढून जागा डोळ्यांनी बघून ठेवावी.